सोमवारी घेतलेलं कॅबिनेट

"वहिनी, कान काय लावताय? कॉम्प्युटरचं कॅबिनेट हाय ते, पेशंटची छाती न्हवं," भरतेश चौगुले म्हणाला.

मी कान काढला नाही. दुकानातली पाच कॅबिनेटं मी त्याला आत फॅन आणि हार्ड डिस्क जोडून चालू करायला लावली होती, आणि हे सहावं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"आता फॅन बंद करा. नुसती डिस्क चालू ठेवा."

"आजपातूर कुणी आवाज ऐकून कॅबिनेट घेतलं न्हाई माज्याकडनं. लोकं लाइट बघत्यात. निळी लाइट, तांबडी लाइट. आतलं दिसाय पायजे म्हणून काच मागत्यात."

"मला लाइट नको, काच नको. पत्रा जाड पायजे, आत भरपूर जागा पायजे आणि आवाज अजिबात नको."

"मागल्या आठवड्यात न्हेलं त्येचं काय झालं?"

"ओरडतंय."

"दुकानात तर न्हवतं ओरडत."

"दुकानात मी गुरुवारी आले होते," मी म्हणाले.

भरतेशनं माझ्याकडं बघितलं, मग दाराबाहेरच्या रिकाम्या गल्लीकडं बघितलं आणि पोट धरून हसला. ही चूक फक्त इचलकरंजीतलाच माणूस करू शकतो. आमच्या भागात यंत्रमाग सोमवारी बंद असतात. बाकीचे सहा दिवस डाव्या बाजूला खटाखट, उजव्या बाजूला खटाखट. आम्ही त्यातच जन्मतो, त्यामुळं तो आवाज आम्हाला आवाज वाटतच नाही. गुरुवारी मी ते पहिलं कॅबिनेट चालू करून बघितलं, तेव्हा ते अगदी गरीब गाईसारखं वाटलं. घरी नेऊन मी स्वतःच्या हातानं सगळे पार्ट बसवले आणि तीन दिवस स्वतःवर खूष होते. सोमवारी सकाळी माग थांबले आणि मी बटण दाबलं, तर खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. भिंतीपलीकडून माझ्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला, "उज्ज्वला, मिक्सर बिघडला काय गं तुजा?" मी भिंतीवरच्या बोर्डाचं बटणच बंद केलं.

कारण त्या भिंतीपलीकडं आण्णा राहत होते, आणि मी घरात कॉम्प्युटर जोडलाय हे जगात एकाच माणसाला कळायला नको होतं, ते म्हणजे आण्णा.

आण्णा माझे थोरले दीर. त्यांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. माझा नवरा उमेश तिथं कॅमेरा चालवायचा आणि मी एडिटिंग करायचे. नऊ वर्षं केलं. मग उमेशला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत तो गेला. उमेशचा एकही व्हिडिओ नव्हता, कारण कॅमेऱ्यामागचा माणूस कॅमेऱ्यात येत नाही. पण त्याचा आवाज होता. कच्च्या शूटिंगमध्ये तो सतत बोलत असायचा. "नवरीबाई, जरा वर बघा. मामा, बाशिंग सरळ करा. काका, तुम्ही हसला तर दंड न्हाई." हे सगळं मी एडिटिंग करताना कापून टाकायचे. नऊ वर्षं मी माझ्या नवऱ्याचा आवाज कापत होते आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

तेराव्या दिवशी मी स्टुडिओत गेले आणि जुन्या डिस्का मागितल्या. आण्णांनी वर न बघता सांगितलं, "फॉरमॅट मारल्या, वर नवं शूटिंग बी भरलं. सीझन तोंडावर हाय, डिस्का लागत्यात. कच्चा माल कोण ठेवतंय?"

समोर पुढच्या महिन्यात लग्न असलेल्या मुलीचे आईबाप बसले होते. त्यांच्यादेखत आण्णा म्हणाले, "आनि उज्ज्वला, आता तू स्टुडिओत येत जाऊ नगो. शुभकार्याची कामं ही. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईचा हात लागलाय म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल?"

त्या मुलीच्या आईनं पदर सावरला आणि खुर्ची थोडी बाजूला घेतली. माझ्यापासून बाजूला. मी घरी आले, रडले नाही. मला त्या माणसाचं वाटोळं बघायचं होतं, इतकं साधं होतं ते.

जयसिंगपूरचा सुहास मगदूम आण्णांचा धंद्यातला वैरी. मी त्याच्याकडं गेले. त्याला माझं काम माहीत होतं. तो म्हणाला, "काम देतो, पण नाव बाहेर फुटाय नको. आण्णानं गावभर सांगितलं की मगदूम विधवेकडनं लग्नं एडिट करून घेतोय, तर माझंपण दुकान बंद." तेव्हा मशीन घरीच हवं होतं. आमचं घर म्हणजे एकाच मोठ्या, ओसरीसारख्या सोप्याचे वाटणीत झालेले दोन भाग. मधली भिंत साडेचार इंची आणि तीही वरच्या पत्र्यापर्यंत न पोचलेली. पलीकडं कुणी कूस बदलली तर मला कळायचं.

आता तुम्हाला कळलं असेल, सोमवारी मी कॅबिनेटला कान का लावला होता.

सहावं कॅबिनेट काळं होतं, ओबडधोबड, कपाटासारखं. भरतेशनं त्याचं एका बाजूचं दार उघडून दाखवलं. आतून जाड, लोकरीसारखा स्पंज चिकटवलेला होता. मी बोटानं पत्र्यावर टिचकी मारली. आधीची पाच टण्ण म्हणाली होती, हे नुसतं धप्प म्हणालं.

"पुढं दोन फॅन हायत, ताटाएवढं," भरतेश म्हणाला. "मोठा फॅन हळू फिरला तरी वारा तेवढाच देतोय. बारका फॅन भिंगरीवानी पळतोय, म्हणून किंचाळतोय."

"आणि तापणार न्हाई? चारी बाजूंनी बंद दिसतंय."

"आत जागा किती हाय बगा की. हवा खेळाय जागा लागती. माणसाचं तेच, मशीनचं तेच. आठ डिस्का बसत्यात. आनि ह्ये बगा, प्रत्येक डिस्कच्या स्क्रूखाली रबर हाय. डिस्क थरथरली तरी पत्र्याला कळत न्हाई."

त्यानं सगळं जोडून चालू केलं. गल्लीत माग बंद, रस्त्यावर एक सायकलसुद्धा नाही. मी कान लावला. खूप आत कुणीतरी झोपेत श्वास घेत असावं, एवढंच ऐकू आलं. कान दोन हात लांब नेला, तर तेही नाही.

"एवढं मुकं मशीन घेऊन करताय काय वहिनी?"

"पोरींच्या शिकवण्या," मी म्हणाले. "एक काम करा. पुढची ती बारकी लाइट लागते ना चालू असल्यावर, तिची वायर काढून टाका."

गोधडीत गुंडाळून मी ते रिक्षानं घरी आणलं. दारात आण्णा उभे. नेमके. "काय गं ह्ये?"

"धान्याची कोठी."

"एकटीला उचलंल व्हय तुला?" असं म्हणून त्यांनी एक बाजू धरली, आणि आम्ही दोघांनी मिळून ते आत आणून ठेवलं. मला इतकं हसू येत होतं की मी खाली मान घालून कमरेला पदर खोचत बसले. त्यांना वाटलं असेल, बिचारी लाजली.

त्या सीझनला मी तेवीस लग्नं कापली. एरवी मागांच्या आवाजात, सोमवारी तशीच शांततेत, भिंतीला लागून. जाऊबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो, त्या पलीकडं लसूण सोलायच्या ते ऐकू यायचं, पण माझं मशीन त्यांना कधी ऐकू आलं नाही. मगदूमच्या फिल्मा लोक एकमेकांना बोलावून दाखवायला लागले. आण्णांची ठरलेली गिऱ्हाइकं तिकडं वळली. संध्याकाळी भिंतीपलीकडं आण्णा ताट सरकवायचे आणि म्हणायचे, "त्या मगदूमला कोन एडिटर घावलाय कळंना. पुण्याचा असणार." मी जेवताना ते ऐकायचे. त्या दिवसांत मला भूकही चांगली लागायची.

मग ऋतुजाचं लग्न ठरलं. ऋतुजा म्हणजे आण्णांची एकुलती एक लेक. मुलगा जयसिंगपूरचा. मुलाकडच्यांनी बजावून सांगितलं की शूटिंग आमच्या मगदूमचंच. स्टुडिओवाल्याच्या पोरीचं लग्न दुसऱ्यानं शूट करायचं! पण मुलीचा बाप बोलणार काय? आण्णांनी तो घोट गिळला.

लग्नात मला भांड्यांच्या खोलीवर लक्ष ठेवायला बसवलं होतं. मंगलाष्टकं मी पातेल्यांमध्ये बसून ऐकली. ऋतू तेवढी हळदीच्या अंगानं धावत येऊन पाया पडून गेली. मागनं आक्का ओरडल्याच, "तिकडं कुठं गेलीस गं आत्ताच!"

म्हणजे ते लग्न मी पहिल्यांदा बघितलं ते घरी, मगदूमच्या कॅमेऱ्याची कार्डं कॉपी केल्यावर.

आणि तिथंच मला सुचलं. मी ठरवलं, आण्णा ह्या फिल्ममध्ये दिसणार नाहीत.

हे वाटतं तेवढं सोपं नाही. नवरीचा बाप लग्नात सगळीकडं असतो. व्याह्यांच्या भेटीत, सीमांतपूजनात, कन्यादानात. मी अठरा दिवस घेतले. कन्यादानाला ऋतूची ओंजळ दाखवली, पाण्याची धार दाखवली, जावयाचा चेहरा दाखवला, आक्कांचे भरलेले डोळे दाखवले. धार ज्या हातातून पडत होती तो हात फ्रेमच्या वर राहिला. व्याह्यांच्या भेटीत गळ्यातला हार दाखवला आणि सनईवर कट घेतला. पंगतीत एके ठिकाणी त्यांचं कोपर राहिलं होतं, तेही क्रॉप केलं. पन्नास मिनिटांची फिल्म झाली, आणि माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. मगदूमनं दोनदा बघितली. "झकास," म्हणाला. त्याच्याही लक्षात आलं नाही. जे नाही ते कुणाच्या लक्षात येतं? ज्याचं असतं त्याच्याच.

फिल्मची डीव्हीडी आण्णांच्या घरी आली ती सोमवारी सकाळी. माग बंद. मी भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडं टीव्ही लागला, सनई वाजली. आक्का हसल्या, कुणीतरी म्हणालं, "ऋतू कशी दिसतीया बगा!" पाठवणी ऋतूच्या हातातल्या चुड्यावर संपत होती. संपली. आक्का डोळे पुसत असाव्यात.

आण्णा म्हणाले, "परत लाव."

दुसऱ्यांदा कुणी हसलं नाही. मध्येच आक्का म्हणाल्या, "अवं, तुमी कुठं..." आणि उठून आत गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी एकट्यानंच बघितली. मग टीव्ही बंद झाला आणि पायात चपला सरकवल्याचा आवाज आला.

त्यांच्या दारापासून माझं दार दहा पावलं. तेवढ्यात मी लग्नाचं सगळं कच्चं शूटिंग निवडलं आणि पुसायचा प्रोग्रॅम सुरू केला. मगदूमची कार्डं पुसून कधीच पुढच्या लग्नाला गेली होती, कॉपी ही एकच. नुसतं डिलीट केलेलं परत आणता येतं, हे मला आण्णांनीच शिकवलं होतं. म्हणून हा प्रोग्रॅम प्रत्येक फाइलवर दुसरं काहीतरी लिहून ती मारतो. अर्धा तास लागणार होता. मॉनिटर बंद केला आणि दार उघडलं.

आण्णा आत आले, खुर्चीवर बसले. किती तरी वेळ मधल्या भिंतीकडं बघत राहिले. मी चहा टाकला.

"मंगलाष्टकात 'सावधान' म्हणायच्या आदी अर्धा सेकंद कट घेऊन आईच्या हातावर जायचं," ते म्हणाले. "असं कोन करत न्हाई. तूच करतीस."

"होय."

त्यांची नजर टेबलाखाली गेली. "ही कोठी व्हय?"

"होय."

"वरीसभर चालवलीस. भिंतीला भिंत असून मला पत्त्या न्हाई." त्यांनी वाकून कॅबिनेटवर हात ठेवला. आत डिस्क त्यांच्या लेकीचं लग्न पुसत होती. पहिल्या कॅबिनेटमध्ये असती तर चाळीस वर्षं यंत्रांत घालवलेल्या त्या माणसानं नुसत्या आवाजावरून ओळखलं असतं. "बंद हाय न्हवं?"

"बंद आहे."

"उज्ज्वला, मी चुकलो म्हणतो. सगळं ऱ्हाऊ दे. पाठवणीचं तेवढं दे मला. कच्चं दे, जसं असंल तसं."

पाठवणी शेवटच्या कार्डाच्या फाइलींत होती. शेवटी पुसली जाणार होती. बोर्डावरचं बटण माझ्या हाताशी होतं, तेच बटण, जे त्या पहिल्या सोमवारी मी घाबरून बंद केलं होतं. दाबलं की सगळं तिथंच थांबलं असतं. मी चहा त्यांच्यापुढं ठेवला.

"उमेशचं मी मागितलं होतं," मी म्हणाले.

त्यांनी कप उचलला आणि परत ठेवला. "बाराव्याच्या आदल्या दिवशी एक डिस्क लावली मी. तो बोलत हुता. 'आण्णा, बाजूला सरका, फ्रेममधी येताय.' मलाच म्हणत हुता. धाकटा भाऊ माजा. मला सोसंना गं. त्याच दिवशी सगळ्या फॉरमॅट मारल्या."

हे मला माहीत नव्हतं. दीड वर्ष मी समजत होते की ह्या माणसाला डिस्का हव्या होत्या. माझा हात बोर्डापाशी होता, हे खरं सांगते.

"आणि मला काय वाटंल?" मी विचारलं.

"तुजा इचारच न्हाई आला," आण्णा म्हणाले.

खरं बोलले. खोटं बोलले असते, 'आला होता, पण' असं काहीतरी म्हणाले असते, तर मी कदाचित बटण दाबलं असतं. मी हात मांडीवर घेतला.

"पुसलंय," मी म्हणाले. "काम झालं की पुसते."

ते मान हलवत राहिले. चहा संपवला, कप मोरीत नेऊन ठेवला आणि गेले. मी मॉनिटर लावला. चार फाइल राहिल्या होत्या. त्या जाईपर्यंत मी बसून बघितलं.

माझं नाव आण्णांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मगदूमचं दुकान बसलं असतं आणि माझंही. चांगुलपणा होता की माणूस खचला होता, मला माहीत नाही आणि मी विचारायलाही गेले नाही. दोन वर्षांनी त्यांनी स्टुडिओ बंद केला. त्यानंतर दोन वर्षांनी दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मला त्यांच्याबद्दल पश्चात्ताप नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही.

त्यांचे दिवस झाल्यावर ऋतू माझ्याकडं आली. कडेवर तीन वर्षांचा मुलगा होता, तो तिनं खाली सोडला.

"काकी, मगदूमकाका म्हणाले, माझ्या लग्नाचं एडिटिंग तू केलंतीस."

"होय."

"त्यात पप्पा कुठंच न्हाईत."

"मी काढले. कच्चं पण पुसलं. मुद्दाम."

ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. उमेशचं सांगणार होते, भांड्यांच्या खोलीचं सांगणार होते, सगळं पाठ होतं माझं. तिनं का ते विचारलंच नाही. ती जमिनीवर बसली.

"मी गाडीत बसले तवा माझी मान खाली होती," ती म्हणाली. "पप्पांचा आवाजपण आला न्हाई मला. सगळे म्हणतात, तुझे पप्पा रडले न्हाईत, लई घट्ट माणूस. तू बघितलंस न्हवं? मग सांग मला. काय करत होते?"

ती पाठवणी मी कापण्यासाठी कितीतरी वेळा बघितली होती. मगदूमचा माणूस स्टँडवरचा कॅमेरा तसाच चालू ठेवून जेवायला गेला होता. ऋतूशी माझं काहीच वैर नव्हतं. हळदीच्या अंगानं तीच एकटी माझ्या पाया पडायला आली होती. हा विचार मला त्या अठरा दिवसांत एकदाही सुचला नव्हता.

"गाडी सुरू झाली," मी म्हणाले. "तुझे पप्पा मागच्या बाजूला होते. मागची काच धुरळ्यानं आणि अक्षतांनी भरली होती. त्यांनी खिशातनं रुमाल काढला. मला वाटलं, डोळ्यांना लावतील. त्यांनी काच पुसली. हाताला येईल तेवढी, गोल गोल. मग गाडी हलली, तर तिच्याबरोबर चालत चालत पुसत राहिले."

"मग?"

"मग गाडी गेली. ते रुमाल तसाच धरून उभे राहिले."

"किती वेळ?"

"कार्ड संपेपर्यंत. चार मिनिटं."

ऋतूनं पोराला जवळ ओढलं. "परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं. त्या दुपारी पाच वेळा सांगितलं. पाचव्या वेळी तिनं विचारलं, रुमाल कुठल्या रंगाचा होता, आणि मला आठवेना.